राजधानीलगतचे फार्महाऊस आणि दारातली पागा : खरेदीपूर्वीचा अभ्यास

मराठी माणूस आणि दिल्ली यांचा मोठा परिचय घोड्याच्या पाठीवरून झाला. १७३७ साली पहिल्या बाजीरावांची फौज दिल्लीच्या वेशीवर, आजच्या तालकटोऱ्याच्या परिसरात येऊन थडकली. पुढे १७६०-६१च्या हिवाळ्यात पानिपतावर रसद तुटली आणि प्रत्यक्ष लढाई होण्यापूर्वीच मराठ्यांची जनावरे वैरणीवाचून खंगू लागली. ते पानिपत आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील एक जिल्हा आहे. इतिहासाचे हे स्मरण येथे शौर्यासाठी नव्हे, वैरणीसाठी केले आहे. या मुलखात घोडा आणणे सोपे, तो उभा करण्याची जागा आणि त्याला लागणारा चारा-पाणी मिळवणे कठीण, हे तेव्हाही खरे होते.

अलीकडच्या काळात नोकरी-व्यवसायानिमित्त गुरुग्राम, नोएडा, फरीदाबाद येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्या बरीच आहे. मुले एखाद्या क्लबात घोडेस्वारी शिकतात, सुट्टीच्या दिवशी आईवडील कुंपणाशी उभे राहून पाहतात, आणि एखाद्या रविवारी वृत्तपत्रातील जाहिरातीवर नजर खिळते : 'अडीच एकर, बंगला, विहीर, चार घोड्यांची पागा, त्वरित विक्री'. सोमवारी बँकेच्या शाखेत पहिला प्रश्न येतो तो 'कर्ज किती मिळेल?' हा. वस्तुतः त्याआधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. त्या जमिनीवर घर आणि तबेला कायद्याने उभा राहू शकतो काय? या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की कर्जाचे उत्तर बहुधा आपोआप मिळते.

विषय सुलभ व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. गुरुग्राम येथे नोकरीस असलेले एक अभियंते, त्यांच्या पत्नी आणि घोडेस्वारीची आवड असलेली चौदा वर्षांची कन्या असे हे कुटुंब. पुण्यातील कोथरूडचा फ्लॅट विकून हाती आलेली रक्कम ही त्यांच्या आयुष्याची शिल्लक. थोरले बंधू न्यू जर्सी येथे असतात. त्यांनाही या खरेदीत भागीदार व्हावयाचे आहे. प्रॉपर्टी डीलरने या कुटुंबास एका दिवसात तीन जागा दाखविल्या : सोहन्याजवळ अरवलीच्या पायथ्याशी एक, यमुनेच्या काठी नोएडात एक, आणि दक्षिण दिल्लीत छतरपूरच्या बाजूस एक.

सातबारा येथे नाही

महाराष्ट्रातून आलेल्या ग्राहकाची पहिली अडचण भाषेची असते. सातबारा, फेरफार, आठ-अ, गावठाण, तलाठी या शब्दांवर आपले निम्मे जमीनज्ञान उभे असते. हरियाणात सातबाऱ्याच्या जागी जमाबंदीची नक्कल पाहावी लागते. फेरफारास इंतकाल, पीकपाहणीस गिरदावरी, मोजणीस निशानदेही, गावठाणास लाल डोरा किंवा आबादी आणि तलाठ्यास पटवारी म्हणतात. जमाबंदी दर पाच वर्षांनी नव्याने तयार होते, म्हणून चालू नकलेबरोबर मागील चार-पाच जमाबंद्या पाहिल्याशिवाय हक्काची साखळी जुळत नाही. मापेही वेगळी. आपला एकर ४० गुंठ्यांचा, हरियाणातील किल्ला म्हणजे एकर ८ कनालांचा, आणि कनाल २० मरल्यांचा वा ६०५ चौरस यार्डांचा. दिल्लीत बिघा १,००८ चौरस यार्डांचा असून एका एकरात ४ बिघे १६ बिस्वे बसतात. 'बिघा' हा शब्द मात्र उत्तर प्रदेशात जिल्ह्याजिल्ह्यागणिक बदलतो. सौद्याच्या कागदावर चौरस मीटर लिहून घेणे हाच त्यावरील उपाय.

एक फरक सुखद वाटणारा आहे. महाराष्ट्रात कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ अन्वये शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. हरियाणात असा सरसकट निर्बंध नाही. त्यामुळे 'येथे कोणीही शेती घेऊ शकतो' हे डीलरचे म्हणणे खरे असते. तो पुढचे वाक्य सांगत नाही, ते असे की घेतलेल्या शेतीवर घर बांधण्याची परवानगी हा सर्वस्वी वेगळा विषय आहे. गुरुग्राम-फरीदाबादचा बहुतेक भाग १९६३च्या कायद्यानुसार 'नियंत्रित क्षेत्रा'त येतो आणि तेथे जमिनीचा वापर बदलण्यासाठी नगररचना विभागाची संमती अनिवार्य असते.

जमाबंदीत आणखी एक सापळा असतो. अनेक गावांत खेवट, म्हणजे मालकीचे खाते, मुश्तरका अर्थात सामाईक असते. विक्रेता आपल्या हिश्शाचा मालक असतो, पण त्या हिश्शाची जागा कोणती हे तकसीम झाल्याखेरीज ठरलेले नसते. रस्त्यालगतचे सुंदर शेत दाखवून खरेदीखतात 'अमुक खेवटपैकी सोळा कनालांचा हिस्सा' एवढेच लिहिले गेले, तर उद्या वाटणीत तो हिस्सा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या खड्ड्यात निघू शकतो. तबेला बांधून झाल्यावर हे कळणे फार महागात पडते.

'गैर मुमकिन पहाड'

आता सोहन्याजवळची जागा. टेकडीचा उतार, खैर-बाभळीची झाडे, मोर, आणि दर एकरी किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी. कन्येला तीच पसंत पडली. जमाबंदीच्या नकलेत जमिनीच्या प्रकाराच्या रकान्यात तीन शब्द होते : 'गैर मुमकिन पहाड'. लागवड न होणारी डोंगराळ जमीन, असा त्याचा सरळ अर्थ. महसुलाच्या दृष्टीने ही निरुपद्रवी नोंद आहे. परंतु तिचे परिणाम पुष्कळ दूरवर पोहोचतात.

७ मे १९९२ रोजी केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने अरवलीसाठी अधिसूचना काढली. तत्कालीन गुडगाव जिल्हा, ज्यात आजचा नूंह परिसरही होता, आणि राजस्थानातील अलवर जिल्हा यांना ती लागू झाली. गैर मुमकिन पहाड, राडा, बेहड, बंजड बीड, रूंध अशा नोंदी असलेल्या जमिनींवर पूर्वपरवानगीविना वृक्षतोड, खाणकाम, वसाहती आणि बांधकामे यांस तिने मनाई केली. फार्महाऊस आणि शेड हे दोन्ही शब्द त्या निर्बंधांच्या यादीत स्पष्टपणे आहेत. तबेला हा शेडच होय. त्यामुळे 'घर नाही बांधले तरी घोडे तर ठेवता येतील' ही समजूत तेथे टिकत नाही.

याहून जुना आणि अधिक कठोर कायदा १९००चा आहे. तत्कालीन पंजाबात डोंगरउतारांची धूप थांबविण्यासाठी पंजाब भूसंरक्षण कायदा करण्यात आला. त्याच्या कलम ४ व ५ अन्वये विशेष आदेश निघालेली जमीन खासगी मालकीची असली तरी तिच्यावरील जंगल तोडणे वा जमीन मोडणे निषिद्ध ठरते. २०१९ साली हरियाणाने या कायद्यात दुरुस्ती संमत केली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तिच्याआधारे कारवाई करण्यास मनाई केली. आणि २१ जुलै २०२२च्या निकालात कलम ४च्या विशेष आदेशाखालील जमिनी वनजमिनीच मानल्या जातील असे स्पष्ट केले.

कागद असले म्हणजे झाले, असे मानणाऱ्या ग्राहकाने फरीदाबादच्या सूरजकुंडाजवळील कांत एन्क्लेव्हचा इतिहास अवश्य वाचावा. तेथे विकासकाकडे राज्याच्या नगररचना विभागाची मान्यता होती, भूखंडांची खरेदीखते नोंदणीकृत होती, इमारतींचे नकाशे मंजूर होते, लोक राहावयास गेले होते. परंतु १८ ऑगस्ट १९९२ रोजी ती जमीन उपरोक्त भूसंरक्षण कायद्याखाली अधिसूचित झालेली होती. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेनंतरची बांधकामे पाडण्याचा आणि गुंतवणूकदारांची रक्कम १८ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. व्याजाचा दर चांगला होता यात शंका नाही. पण अंगणातील झाडांचे व्याज कोण देणार? २०२५च्या जूनमध्येही फरीदाबादच्या अनंगपूर, अनखीर, लक्कडपूर, मेवला महाराजपूर या गावांच्या हद्दीत वनजमिनीवरील फार्महाऊस आणि विवाह सभागृहे पाडण्याची मोहीम झाली. अरवली म्हणजे नेमके काय, किती उंचीपासून तिची टेकडी मोजावयाची, हा वाद २०२५च्या अखेरीस पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. ज्या डोंगराची व्याख्याच वादात आहे त्याच्या उतारावर आयुष्याची शिल्लक ठेवणे धाडसाचे खरे, शहाणपणाचे नव्हे.

म्हणून सोहन्याच्या पट्ट्यातील कोणत्याही जमिनीसाठी पटवाऱ्याच्या नकलेबरोबर जिल्हा वन कार्यालयाचे लेखी पत्र मागावे. त्यात मुस्ततील क्रमांक आणि किल्ला क्रमांक नमूद असावेत आणि ती जमीन १९९२ची अधिसूचना वा १९००च्या कायद्याखाली येत नाही असे लिहिलेले असावे. तोंडी आश्वासनास या बाबतीत शून्य किंमत आहे.

नदीकाठ आणि छतरपूर

नोएडातील जागेचा निकाल लवकर लागतो. ती यमुनेच्या पूरक्षेत्रात होती. तेथे विकणाऱ्याची मालकी खरी असू शकते, महसूल नोंदही स्वच्छ असू शकते, आणि तरीही बांधकाम बेकायदा ठरते. २०२२ साली नोएडा प्राधिकरणाने यमुनेच्या पूरक्षेत्रातील फार्महाऊसांवर बुलडोझर चालविले. त्यानंतर वर्षभरातच निसर्गाने आपला दाखला दिला : १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलाजवळ यमुनेने २०८.६६ मीटरची विक्रमी पातळी गाठली आणि काठच्या वस्त्यांतून माणसांबरोबर जनावरेही हलवावी लागली. भ्यालेला घोडा रात्री पाण्यातून वाहनात चढविणे ही काय गोष्ट आहे, हे कोणत्याही अनुभवी मोतद्दारास विचारून पाहावे. उत्तर प्रदेशात पूरक्षेत्राबाहेरील शेतजमिनीवर निवास करावयाचा असल्यास महसूल संहितेच्या कलम ८० खाली अकृषिक घोषणा आणि प्राधिकरणाची परवानगी, अशा दोन्ही गोष्टी आवश्यक असतात.

दिल्लीतील छतरपूर, घिटोरनी, राजोकरी या पट्ट्याचा इतिहास रंजक आहे. दिल्ली भूसुधारणा कायदा, १९५४ नुसार शेतजमिनीचा अन्य वापर केल्यास कलम ८१ खाली ती जमीन ग्रामसभेकडे जाण्याची तरतूद होती, आणि कलम ३३ अन्वये विक्रेत्याकडे आठ प्रमाण एकरांहून कमी जमीन उरणार असेल तर अंशतः विक्रीस मनाई होती. आधीच्या नियमांत फार्महाऊससाठी अडीच एकर जमीन आणि तीत अगदी लहानसे घर एवढीच मुभा होती; प्रत्यक्षात उभी राहिली ती हवेल्या आणि लग्नांची मैदाने. अखेर २०१३ साली दिल्लीच्या बृहत् आराखड्यात बदल करून अशा क्षेत्रांना कमी घनतेच्या निवासी क्षेत्राचा दर्जा देण्यात आला आणि किमान मर्यादा एका एकरावर आली. गावाचे शहरीकरण अधिसूचित झाले की १९५४चा कायदा तेथे लागू राहत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले. म्हणजे दिल्लीत प्रत्येक गावासाठी दोन गोष्टी तपासाव्यात : ते शहरीकृत झाले आहे काय आणि ते कमी घनतेच्या यादीत आहे काय. त्याशिवाय भूसंपादनाखालील जमिनीसाठी असलेल्या १९७२च्या कायद्यान्वये ना-हरकत दाखला लागतो. आपल्या उदाहरणातील कुटुंबास छतरपूरची जागा कायद्याने चालली असती; किमतीने चालली नाही.

बँक कोठे थांबते आणि का

गृहकर्ज हे घरासाठी असते. मंजूर नकाशा नसलेल्या शेतजमिनीच्या खरेदीस ते सामान्यतः मिळत नाही. यामागे निव्वळ नियमप्रियता नाही. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी २००२चा सरफेसी कायदा बँकांना न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार देतो. त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमिनीवरील तारणास वगळले आहे. जमीन खरोखर शेतीची आहे किंवा नाही हे नुसत्या नोंदीवरून नव्हे तर वापरावरून ठरते, असे गोव्यातील एका हॉटेलच्या प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तथापि कर्ज देताना असा वाद गृहीत धरून कोणतीही बँक पुढे जाणार नाही. बँकेच्या विधिज्ञांनी हक्कशोध अहवालात नकार नोंदविला, तर ग्राहकाने तो अपमान मानू नये. तेवढा कठोर आणि निःस्पृह सल्ला त्यास बाहेर क्वचितच मिळेल. विक्रेत्याचा वकील तर तो खचितच देणार नाही.

कुलमुखत्यारपत्रावर होणारी विक्री हा या परिसराचा जुना रोग आहे. गुरुग्राममधील जमिनीतूनच उद्भवलेल्या सूरज लॅम्प प्रकरणात ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने करारनामा, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र या त्रिकुटाने मालकी हस्तांतरित होत नाही असे निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही 'जीपीए'ची कागदपत्रे आजही मोठ्या विश्वासाने पुढे केली जातात. नोंदणीकृत खरेदीखत आणि त्यावरून झालेला इंतकाल, यांहून कमी काहीही स्वीकारू नये.

न्यू जर्सीच्या बंधूंची इच्छा स्तुत्य असली तरी परकीय चलन व्यवस्थापनाच्या नियमांपुढे थांबते. अनिवासी भारतीय आणि परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डधारक यांना भारतात निवासी वा व्यापारी मालमत्ता घेता येते. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाऊस मात्र खरेदी करता येत नाही. 'फार्महाऊस' हा शब्द नियमांतच आहे, म्हणून बंगला कितीही शहरी असला तरी पळवाट नाही. वारसाहक्काने अशी मालमत्ता मिळू शकते. बंधू धाकट्या भावास बँकेमार्फत रक्कम भेट देऊ शकतात आणि सख्ख्या भावाची भेट म्हणून तिच्यावर प्राप्तिकरही लागत नाही. परंतु तसे केल्यास मालकी एकट्या धाकट्या भावाची, हे दोघांनी पहिल्या दिवशीच मनात स्वच्छ करून घ्यावे. पुढच्या पिढीतील पुष्कळ दावे या एका संकोचातून जन्मतात.

कराच्या दोन बाबी. राहते घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावरील सवलत दुसऱ्या राहत्या घरासाठी आहे; बांधकाम करणाऱ्यास तीन वर्षांची मुदत मिळते. परवानगीअभावी ती जमीन मोकळीच राहिली, तर कोथरूडच्या फ्लॅटवरील कर व्याजासह दारी येईल. दुसरे असे की ५० लाख वा अधिक किमतीच्या खरेदीत खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरावयाचा असतो. ग्रामीण शेतजमीन यातून वगळलेली आहे. पण नगरपालिकेच्या हद्दीपासून लोकसंख्येनुसार २, ६ वा ८ किलोमीटरच्या आतील शेतजमीन ग्रामीण मानली जात नाही, आणि राजधानीच्या भोवताली या वर्तुळांतून सुटणारे शेत शोधावे लागते. व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रोखीने देणे-घेणे कायद्याने निषिद्ध आहे. 'थोडे कॅशमध्ये' हा आग्रह आला की सौदा तेथेच संपवावा.

शिलेदार की बारगीर?

मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेचा घोडा घेऊन लढणारा तो बारगीर. आजच्या ग्राहकापुढे हीच निवड आहे. क्लबात मासिक शुल्क देऊन घोडा ठेवणे वा केवळ स्वारीपुरता वापरणे हा बारगिरीचा मार्ग. शिलेदार व्हावयाचे तर रोजचा हिशेब मांडावा लागतो.

साधारण ४५० किलो वजनाच्या घोड्यास दिवसाला सुमारे ९ किलो कोरडा आहार लागतो. हिवाळ्यात बरसीम आणि जई, वर्षभर लसूणघास, जोडीला वाळलेले गवत, जव, हरभरा आणि कोंडा. पाणी ३० ते ४० लिटर. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे गेला की याहून पुष्कळ अधिक. लीद दररोज वीस किलोंहून जास्त पडते, म्हणजे एका घोड्यामागे वर्षाला सात-आठ टन; खताची विल्हेवाट न ठरवता पागा बांधणाऱ्यास माश्या आणि शेजारी दोघेही धडा शिकवितात. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद हवा. घोडा कळपाचा प्राणी असल्याने एकट्याने ठेवलेला घोडा झुरतो, खोड्या लावून घेतो. म्हणून हिशेब किमान दोन जनावरांचा करावा. आयुष्य २५ ते ३० वर्षांचे, म्हणजे दीर्घ मुदतीच्या गृहकर्जाइतके. चौदा वर्षांची कन्या शिक्षणासाठी परगावी जाईल, तेव्हा घोडा ऐन भरात असेल; हप्ता आणि वैरण दोन्ही चालू असतील.

जागेचे गणित असे. एका घोड्यास १२ फूट बाय १२ फुटांची मोकळी खोली, छत उंच आणि वारा खेळता. पत्र्याचे छत उन्हाळ्यात भट्टी होते; त्यावर गवताचे छप्पर घातलेले बरे. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून तोंड उत्तरेस केले की लू आणि ऊन दोन्ही चुकतात. २० बाय ४० मीटरचे रिंगण म्हणजे ८०० चौरस मीटर, जवळजवळ एकराचा पाचवा हिस्सा. घर, रिंगण, पागा, चारा-कोठार, मोतद्दाराचे राहणे, खतखड्डा आणि दोन घोड्यांना पाय मोकळे करण्यास कुरण, एवढे सगळे एका एकरात दाटीने आणि दोन एकरांत नीट बसते. येथील कुरण पावसाळ्यापुरतेच हिरवे राहते, त्यावर चारा अवलंबून ठेवता येत नाही. ते चरण्यापेक्षा हिंडण्यासाठी असते.

आजारांची बाजू गंभीर आहे. पोटशूळ उठला की पशुवैद्य काही तासांत पोहोचलाच पाहिजे, म्हणून जमीन निवडताना शाळा आणि रुग्णालय यांच्या अंतराबरोबर घोड्यांचा जाणकार पशुवैद्य किती लांब आहे हेही मोजावे. पावसाळ्यात गोमाश्यांमुळे सर्रा पसरतो. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित जनावर २००९च्या प्राणिरोग प्रतिबंध कायद्यानुसार दयामरण देऊन नष्ट करावे लागते. २०१७-१८च्या हिवाळ्यात तो दिल्लीतही आढळला होता. सुदैवाने तज्ज्ञता जवळ आहे. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र १९८५ पासून कार्यरत असून घोडा विकत घेण्यापूर्वी ग्लँडर्स आणि अश्व संसर्गजन्य रक्तक्षय यांच्या रक्तचाचण्यांसाठी त्याचा आधार घेता येतो. मेरठ छावणीतील रिमाउंट व्हेटरिनरी कोअरच्या केंद्रास २०२५ साली जागतिक पशुआरोग्य संघटनेने देशातील पहिला अश्वरोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली.

पागेतून काही उत्पन्न काढता येईल काय, असे विचारले जाते. शिकवणीचे शुल्क वा इतरांचे घोडे सांभाळण्याचे भाडे हे जमीन शेतीची असली तरी शेती-उत्पन्न नव्हे; त्यावर कर भरावा लागतो. घोड्यांच्या देशी जातींच्या पैदाशीचा गंभीर उद्योग करावयाचा असल्यास राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४च्या फेब्रुवारीत घोडा, गाढव, खेचर व उंट यांचा समावेश झाला असून भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ते उद्योजकासाठी आहे, हौशी शिलेदारासाठी नाही. प्रकल्प अहवाल आणि हिशेब त्यास लागतात. मारवाडी आणि काठियावाडी या जातींबरोबर आपल्या भीमा खोऱ्यातील भीमथडी घोड्यासही आता नोंदणीकृत देशी जातीचा मान मिळाला आहे, हे येथे जाता जाता सांगावेसे वाटते.

मिठाची विहीर

तीन जागा बाद झाल्यावर आपल्या उदाहरणातील कुटुंब अरवली सोडून पश्चिमेकडे, फरुखनगरच्या सपाट शेतांकडे वळले. जमाबंदी स्वच्छ, खेवट एकट्या मालकाचे, निशानदेही झालेली, सुलतानपूर राष्ट्रीय उद्यानाच्या संवेदनशील पट्ट्याबाहेर. पत्नीने मात्र एक गोष्ट विचारली : विहिरीचे पाणी कसे आहे? प्रश्न अगदी योग्य होता. फरुखनगर आणि सुलतानपूर ही गावे इंग्रजी अमलापर्यंत मिठासाठी प्रसिद्ध होती आणि ते मीठ तेथील खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून काढले जाई. ज्या पाण्यावर एके काळी मिठागरे चालली, त्यावर दोन घोडे आणि लसूणघासाचे शेत चालेल काय, हे प्रयोगशाळाच सांगू शकते. या भागात पाण्याचा गोडवा शेतागणिक बदलतो. शिवाय राजधानीच्या परिसरात भूजल अतिउपशाखाली असल्यामुळे नवी कूपनलिका घेण्यास सक्षम प्राधिकरणाची परवानगी लागते. विक्रेत्याची जुनी कूपनलिका परवानाधारक आहे काय, हेही पाहावे.

पहिल्या शेतातील पाणी खारे निघाले. इसारा अद्याप दिलेला नव्हता, म्हणून हानी पाण्याच्या चाचणीच्या खर्चापुरतीच झाली. चार किलोमीटरवरील दुसऱ्या शेतात पाणी गोडे मिळाले; तेथे सोळा कनालांचा, म्हणजे दोन एकरांचा सौदा ठरला. जमिनीची रक्कम कोथरूडच्या शिलकीतून आणि बंधूंच्या भेटीतून देण्यात आली, खरेदीखत आणि इंतकाल धाकट्या बंधूंच्या नावे झाला. नगररचना विभागाची परवानगी आणि मंजूर नकाशा हाती आल्यावर केवळ घराच्या बांधकामासाठी बँकेकडे अर्ज करण्यात आला. ७५ लाखांवरील गृहकर्जात मूल्याच्या कमाल ७५ टक्के कर्ज मिळते आणि मूल्यांकन करताना मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च धरला जात नाही. पागेचा खर्च तर गृहकर्जात बसतच नाही. तेवढी तजवीज कुटुंबाने वेगळी ठेवली.

कन्येची घोडी अजून क्लबातच आहे. छताखाली पहिला पावसाळा काढून गळती, निचरा आणि माश्यांचा त्रास पाहावयाचा, हिसारहून रक्तचाचणीचा अहवाल आणावयाचा, आणि दसरा उलटून थंडी पडू लागली की बरसीमचे पहिले कापणी-पीक हाती येईल त्या सुमारास, सोबतीच्या दुसऱ्या घोड्यासह तिला फरुखनगरकडे हलवावयाचे, असे ठरले आहे.